हिरड्या उतरल्यात, सर्जरी करू का? ठरवायचं कसं आणि कुठल्या क्रमाने

ओठ खाली ओढून आरशात काढलेला फोटो आणि त्याखाली "डॉक्टर सर्जरी म्हणतायत, करू का?" असे मेसेज मला इतक्यांदा आलेत की एकदाच सगळं लिहून ठेवतो. फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही, आणि विचारणाऱ्या बहुतेकांना कुठली सर्जरी, कुठल्या दाताला, कशासाठी, यातलं एकही धड माहीत नसतं. चूक क्रमात होते. पहिले कोटेशन हातात पडतं, मग घाबरणं, मग रात्रभर व्हिडिओ बघणं, मग कुणीतरी सुचवलेला लेझरवाला, आणि हिरडी मुळात उतरली कशाने हे कुणी बघतच नाही. जे कारण चालूच आहे त्यावर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून आणून बसवलेला तुकडा, लावला तर तोही उतरणार ना.

आधी हे बघा: हिरडीतून पू येतोय, एखादा दात अचानक हलायला लागलाय, गाल सुजलाय किंवा ताप आहे, तर वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. बाकीच्यांकडे वेळ आहे. हिरडी उतरणं हे वर्षानुवर्षांचं काम असतं, दोन-तीन महिने नीट तपासण्यात गेले म्हणून काही बिघडत नाही.

## १. "गम सर्जरी" म्हणजे नक्की कुठली ते विचारा

माझ्या मावशीला एका क्लिनिकमधून चिठ्ठी मिळाली होती, त्यावर फक्त "गम सर्जरी, खालचे पुढचे" आणि खाली रक्कम. तिला वाटलं उघडी पडलेली मुळं झाकून मिळणार. डॉक्टर म्हणत होते फ्लॅप सर्जरीबद्दल, ज्यात हिरड्या अजून थोड्या खाली जातात. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण बोलत होते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल.

तर फरक असा. फ्लॅप सर्जरी पायरियासाठी असते. दात आणि हिरडीच्या मधे खोल कप्पे झालेत, त्याला पॉकेट म्हणतात, त्यात कीटण आणि जंतू बसलेत आणि साध्या सफाईने तिथवर पोचता येत नाही, म्हणून हिरडी उघडायची, आतून साफ करायचं, परत शिवायचं. सूज उतरली की हिरडी आक्रसते, मुळं जास्त दिसतात, काही दिवस दात जास्त शिवशिवतात. म्हणजे सर्जरी फसली असं नाही, ती त्यासाठी नव्हतीच.

ग्राफ्ट हे दुसरं प्रकरण. त्यात टाळूतून थोडी त्वचा किंवा तिच्या आतला थर घेऊन उघड्या मुळावर बसवतात, नाहीतर तिथलीच हिरडी सैल करून वर ओढून शिवतात. हेतू मूळ झाकणं किंवा पातळ हिरडी जाड करणं.

तिसरी एक छोटी असते, ओठाच्या आतली दोरी हिरडीला फार जवळ चिकटून ती ओढत असेल तर ती मोकळी करतात. ती एकटी किंवा ग्राफ्टसोबत.

विचारायचं वाक्य: "डॉक्टर, ही सर्जरी पॉकेट कमी करायला आहे की उघडं मूळ झाकायला? आणि कुठकुठल्या दातांना?" उत्तर कागदावर घ्या. हे एकाच वाक्यात सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. हिरडी उतरली कशाने, ते शोधा

कारणं बरीच असतात आणि एकाच तोंडात दोन-तीन एकत्र सापडतात. ओळखायच्या काही खुणा देतो.

सुळे आणि उपदाढा, बाहेरची बाजू, हिरडी घट्ट गुलाबी, रक्त नाही, आणि दाताच्या मानेपाशी खाच पडलेली असेल तर बहुतेक वेळा ब्रश. कडक ब्रश, वर जोर, वर आडवं घासणं. उजव्या हाताने घासणाऱ्यांचं बऱ्याचदा डावीकडे जास्त गेलेलं असतं, कारण सुरुवात तिथून आणि जोरही तिथेच. मशेरी, राखुंडी, कोळशाची पावडर, मीठ-लिंबू असलं काही रोज लावत असाल तर तेही यातच धरा.

सगळीकडे उतरलंय, दातांच्या मधे फटी दिसायला लागल्यात, घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, हे पायरियाचं चित्र. इथे ग्राफ्टचा विचार फार नंतर.

ठरावीक एकाच जागी, खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या आत जिथे तंबाखूची गोळी धरता तिथेच उतरलंय, तर वेगळं काय सांगू. तिथे पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर हिरडीच्या आधी तो दाखवा. तोंड नेहमीएवढं उघडत नसेल तर तेही.

एखादाच दात रांगेच्या बाहेर आलाय, किंवा ब्रेसेस लावताना बाहेर ढकलला गेलाय, त्याच्यावरचं हाड मुळातच पातळ, म्हणून हिरडीही टिकत नाही. खालच्या पटाशीच्या दातांना हे फार. शिवाय नीट न बसलेली कॅप, हिरडीत रुतणारी काढता-घालता येणारी कवळी, ओठाच्या आतून दाताला घासणारी पिअर्सिंगची खुंटी. आणि काहींच्या हिरड्या जन्मतःच पातळ असतात, त्यांना थोडासा जोरही पुरतो.

घरी दोन गोष्टी करून बघता येतात. एक, नखाचं टोक दातावरून हिरडीकडे हळू सरकवा. गुळगुळीत पांढऱ्या भागानंतर एक बारीक पायरी किंवा खाच लागते आणि पुढे जरा पिवळट भाग लागतो, तो पिवळट भाग म्हणजे मूळ. पायरी न लागता थेट हिरडी लागली तर तो दात कदाचित ठीक आहे आणि तुम्ही शेजारच्याच्या तुलनेत तो लांब बघताय. दोन, खालचा ओठ बोटांनी हळू पुढे ओढा आणि हिरडीची कड बघा. ओठाबरोबर कडही हलत असेल किंवा पांढरी पडत असेल तर तिथे घट्ट, म्हणजे खाली पक्की चिकटलेली आणि न हलणारी, हिरडी फार कमी उरली आहे. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, निर्णयात याला वजन असतं.

करू नका: टाचणी, पिन, टूथपिक घालून घरी "किती खोल" ते मोजू नका.

## ३. मोजमाप करून घ्या, आणि त्याची कॉपी घ्या

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. डॉक्टरांनी आरसा लावून बघितलं आणि "खूप उतरलंय" म्हटलं, याला तपासणी म्हणत नाहीत. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळी असते, प्रोब, ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालतात, तीन बाहेरून तीन आतून, आणि डॉक्टर असिस्टंटला आकडे सांगत जातात, तीन-दोन-तीन, दोन-दोन-चार, असं. हे ऐकू आलं नाही तर चार्टिंग झालेलं नाही असं समजा आणि मागून घ्या.

आकडे वाचायचे कसे: पॉकेट १ ते ३ मिमी ठीक. ४ म्हणजे लक्ष ठेवा. ५ आणि वर, सोबत रक्त, म्हणजे पायरियाचा इलाज लागणार. हिरडी किती उतरली हा आकडा वेगळा, तो त्या पायरीपासून हिरडीच्या कडेपर्यंत मोजतात. दोन्हींची बेरीज म्हणजे दाताचा आधार एकूण किती गेला ते. आता बघा, एका दाताचं पॉकेट २ आणि उतरलंय ३, दुसऱ्याचं पॉकेट ५ आणि उतरलंय शून्य. आधार दोघांचा ५ मिमीच गेला, पण पहिला आरशात भयंकर दिसतो आणि दुसरा छान दिसतो, आणि घाई करायची आहे ती दुसऱ्यासाठी. म्हणून आरशावर विश्वास ठेवू नका.

चार्टवर अजून काय हवं: घट्ट हिरडीची रुंदी (साधारण २ मिमी असली तर निवांत, कमी असूनही ज्यांची सफाई उत्तम त्यांच्या हिरड्या बऱ्याचदा टिकतात, म्हणजे २ ची काही लक्ष्मणरेषा नाही), दात हलतो का, रक्त कुठे आलं.

आणि एक ग्रेड, हिरडी कुठल्या प्रकारे उतरली आहे त्याची. आजकाल आरटी १, २, ३ असं लिहितात, जुने डॉक्टर मिलर क्लास १ ते ४ लिहितील. सोप्या भाषेत, दातांच्या मधल्या बाजूचं हाड आणि हिरडी शाबूत असेल तर आरटी १, इथे पूर्ण मूळ झाकलं जाण्याची शक्यता चांगली. मधलं थोडं गेलं असेल तर आरटी २, काही केसेसमधे पूर्ण झाकतं, काहींत अर्धवट. मधलं समोरच्यापेक्षाही जास्त गेलं असेल तर आरटी ३, पूर्ण झाकण्याची आशा धरू नका. याचं कारण असं की ग्राफ्टला रक्त शेजारच्या जिवंत भागाकडून मिळतं, उघड्या मुळाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शेजारीच काही उरलं नसेल तर ग्राफ्ट जगणार कशावर.

एक्सरे लागतोच, पण तो मुख्यतः दातांच्या मधलं हाड बघायला. दाताच्या पुढच्या बाजूचं पातळ हाड साध्या एक्सरेत दिसत नाही, त्यामुळे "एक्सरे नॉर्मल आहे" यावरून हिरडीचं काही ठरत नाही.

सिगरेट-तंबाखूवाल्यांसाठी: धूम्रपानाने हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून "माझ्या तर रक्तसुद्धा येत नाही" हा दिलासा तुमच्यासाठी नाही.

कुणाकडे जायचं? हिरड्यांचे स्पेशालिस्ट म्हणजे एमडीएस पेरिओडोंटोलॉजी. नेहमीचे बीडीएस डॉक्टर सफाई उत्तम करतात, पण ग्राफ्ट करायचा की नाही हे मत पेरिओवाल्याचं घ्या. खर्चाचा प्रश्न असेल किंवा दुसरं मत हवं असेल तर डेंटल कॉलेजचा पेरिओ विभाग गाठा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं. तिथे पीजीचे विद्यार्थी सिनिअरच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ खूप जातो, फेऱ्या जास्त पडतात, पण चार्टिंग मात्र तुमचं सहा ठिकाणी सहा आकडे लिहून होतं, कारण त्यांना ते सरांना दाखवायचं असतं.

## ४. सफाई, सवयी, आणि मग मुद्दाम थांबणं

सर्जरी कुठलीही असो, याच्या आधी नाही.

स्केलिंग करून घ्या, पॉकेट असतील तर खोल सफाई, म्हणजे रूट प्लेनिंग. "स्केलिंगने दात हलायला लागतात आणि फटी पडतात" हे आपल्याकडे घराघरात ऐकायला मिळतं. फट आधीच होती, तिच्यात कीटण भरलं होतं आणि वर सुजलेली हिरडी होती. दोन्ही गेल्यावर ती दिसायला लागली एवढंच. हलणारा दात कीटणाच्या आधाराने उभा होता, तो आधार कामाचा नव्हता.

ब्रश मऊ घ्या, पाकिटावर सॉफ्ट किंवा एक्स्ट्रा सॉफ्ट लिहिलेला. मुठीत धरू नका, पेनसारखा बोटांत धरा, जोर आपोआप निम्मा होतो. केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवा आणि हिरडीकडून दाताकडे फिरवत आणा, वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. आडवी करवत बंद. पंधरा दिवसांत ब्रशचे केस फाकले तर जोर अजून तोच आहे. दातांच्या मधे फट असेल तिथे इंटरडेंटल ब्रश, फटीत सहज जाईल त्या मापाचा, ढकलून घालायचा नाही. लिंबू सरबत, सोलकढी, चिंचेचं सार असं आंबट पोटात गेल्यावर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-एक तास जाऊ द्या.

शिवशिवण्यासाठी सेन्सिटिव्हिटीची पेस्ट, ज्यात पोटॅशियम नायट्रेट, स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असतं. लोक चार दिवस लावतात, "फरक नाही" म्हणतात आणि सोडतात. दिवसातून दोनदा, किमान चार आठवडे. लावून झाल्यावर थुंका पण खळखळून चूळ भरू नका, रात्री थोडी बोटाने त्या जागी चोळून तशीच झोपा. फरक नाहीच पडला तर डॉक्टर फ्लोराइड वार्निश लावतात किंवा खाच असेल तर भरतात. कितीतरी जणांचा प्रश्न इथेच मिटतो, त्यांना सर्जरी लागतच नाही.

तंबाखू, गुटखा, सिगरेट बंद. शुगर असेल तर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि ती आटोक्यात आणा, ती वर असताना ना पायरिया आवरतो ना जखम नीट भरते.

ऑइल पुलिंग, हळद, लवंगेचं तेल, पेरूची पानं यांनी बरं वाटत असेल तर वाटू दे, पण उतरलेली हिरडी त्याने परत वर येत नाही. कुठल्याच पेस्टनेही येत नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

आता थांबा. सफाईनंतर सहा आठवडे ते तीन महिने. मग परत चार्टिंग.

तपासा: याच आठवड्यात तो दात, ओठ बाजूला धरून, दिवसाच्या उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवा, फोटोला तारीख असू द्या. "वाढतंय असं वाटतंय" याला नंतर काही अर्थ राहत नाही, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोटोंना राहतो.

## ५. दुसरं चार्टिंग हातात घेऊन ठरवा

ग्राफ्ट करण्याची खरी कारणं मोजकीच आहेत. दोन मोजमापांमधे हिरडी आणखी उतरली आहे. किंवा घट्ट हिरडी उरलीच नाही, ओठाबरोबर कड हलते, घासताना दुखतं म्हणून तुम्ही तिथे घासतच नाही आणि म्हणून तिथे कायम सूज. किंवा पेस्ट, वार्निश सगळं करूनही कळ थांबत नाही. किंवा हसताना दिसतं आणि तुम्हाला ते मनापासून खुपतं. हे शेवटचं कारण क्षुल्लक समजणारे डॉक्टर भेटतात, मला ते पटत नाही, फक्त ग्रेड आरटी १ असेल तरच त्यासाठी सर्जरीत पडा. अजून एक, ब्रेसेस लागणार आहेत किंवा त्या दातावर कॅप बसणार आहे आणि हिरडी फार पातळ आहे, तर आधीच जाड करून घेणं शहाणपणाचं असतं. मात्र दात बाहेर गेलाय आणि ब्रेसेसने तो आत येणार असेल तर कधीकधी आधी दात आत घेतात आणि मग हिरडी बघतात, म्हणून ऑर्थो (ब्रेसेसवाले डॉक्टर) आणि पेरिओ या दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. तुम्ही मधे निरोप्या होऊ नका.

थांबायची कारणं: एक-दोन मिमी उतरलंय, वर्षानुवर्षं तिथेच आहे, त्रास नाही, हिरडी जाड आहे. पॉकेटमधून अजून रक्त येतंय. तंबाखू सुटलेली नाही. शुगर वर आहे. गरोदरपण आहे. यातली बरीचशी "आत्ता नको" आहेत, "कधीच नको" नाहीत.

दातांच्या मधल्या काळ्या त्रिकोणी फटी ज्यांना बुजवायच्या आहेत त्यांनी जास्त सावध राहा. मधली हिरडी परत उभी करणं सर्जरीने खात्रीने जमत नाही. ती फट कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) लावून, दाताचा आकार थोडा बदलून लपवता येते, आणि ते बरंच सोपं काम आहे.

"आत्ता नाही केलं तर दात पडेल" असं ऐकवलं गेलं असेल तर विचारा, पॉकेट किती आहे? पॉकेट नाही, रक्त नाही, नुसती हिरडी उतरली आहे, तर तेवढ्याने दात पडणं दुर्मिळ. दात पडतात ते पायरियाने. पण "काही न करता राहिलं तर जसंच्या तसं राहील" हीही समजूत चुकीची, पातळ हिरडीचा चांगली सफाई असूनही वर्षांच्या हिशेबात हळूहळू उतरत जाण्याकडे कल असतो, आणि उघडं मूळ दाताच्या वरच्या भागापेक्षा मऊ असल्याने किडतंही लवकर. म्हणजे न करण्याचा निर्णय घेतलात तरी बघत राहायचं काम सुटत नाही.

घरात सगळे "आमच्या वेळी कुठे होतं असलं" म्हणतील. आजोबांच्या कवळीकडे बोट दाखवा आणि पुढे चला.

## ६. पद्धत ठरवताना

टाळूच्या आतला थर घेऊन तो हिरडीखाली सरकवणं आणि वरून हिरडी ओढून शिवणं, ही मूळ झाकायला सगळ्यात भरवशाची धरली जाते. टाळूतून वरच्या कातडीसकट तुकडा घेतात तो फ्री ग्राफ्ट, घट्ट हिरडी वाढवायला छान, पण रंग जुळत नाही, ठिगळ लावल्यासारखा दिसतो, म्हणून खालच्या पुढच्या दातांना चालतो, वरच्या सुळ्याला नको. शेजारशेजारचे तीन-चार दात असतील तर टनेल पद्धतीने, हिरडी न कापता खालून सैल करून, ग्राफ्ट आत सरकवतात. पिनहोलमधे एका छोट्या छिद्रातून हे सैल करणं होतं आणि टाळूला हात लागत नाही, योग्य केसमधे छान. पण "टाके नाहीत, दुखणं नाही, एका दिवसात सगळे दात" अशा जाहिरातीवरून ती निवडू नका, पातळ हिरडीत फक्त ओढून घेतलेलं किती वर्षं टिकेल हे तोंडावर विचारा. आपल्याच रक्तातून काढलेला पीआरएफचा पडदा वापरतात तो जखम भरायला मदत म्हणून ठीक, टाळूच्या ग्राफ्टची जागा घेईलच असं नाही. लेझर हे हत्यार आहे, नुसता लेझर फिरवून हिरडी उगवत नाही.

टाळूतून घ्यायचं नसेल तर तयार मटेरियल मिळतं, दान केलेल्या मानवी त्वचेपासून किंवा डुकराच्या नाहीतर गाईच्या कोलाजेनपासून बनवलेलं. ज्यांना धर्माने किंवा खाण्यापिण्याच्या नियमाने हे चालत नाही त्यांनी आधी स्पष्ट विचारा. डॉक्टर स्वतःहून सांगतीलच असं नाही आणि शिवल्यावर विचारून उपयोग नाही.

पैशाचं विचारताना रक्कम एका दाताची आहे की एका भागाची, मटेरियल धरून की वेगळं, टाके काढायची फेरी आणि सहा महिन्यांची तपासणी त्यात आहे का, हे लिहून घ्या. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी अपघात सोडून दातांचं काही देत नाहीत, त्या भरवशावर तारीख ठरवू नका.

क्रमाची चूक: दाताच्या मानेवर खाच आहे म्हणून आधी ती पूर्ण खालपर्यंत भरून घेतली आणि मग ग्राफ्टला गेले. जिथे हिरडी चिकटायला हवी तिथे आता सिमेंट. भरायचं किती आणि झाकायचं किती हे पेरिओवाल्याने ठरवल्याशिवाय त्या जागी फिलिंग नको.

## ७. तारखेआधीची तयारी

सगळ्या गोळ्यांची यादी न्या, आयुर्वेदिकसुद्धा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन असं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, ते तुमचे हार्टचे डॉक्टर ठरवतील. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, आपल्याकडच्या बायका हे हमखास विसरतात कारण ती "दाताची गोळी" नसते.

पुढचे दोन आठवडे मोकळे बघा. लग्न, ट्रेक, जिम, बाहेरगावचा प्रवास नको. भूल फक्त त्या जागेपुरती असते, त्यामुळे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर नीट जेवून जा. उपास त्या दिवशी करू नका. टाळूतून ग्राफ्ट घेणार असतील तर टाळूला झाकणारी प्लास्टिकची प्लेट करून मिळेल का विचारा, पहिले चार-पाच दिवस हिचा फार उपयोग होतो. बहुतेकांना हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखते.

## ८. नंतरचे दोन आठवडे

ग्राफ्ट बिघडतो तो बऱ्याचदा घरी, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे ओठ उचलून बघणं. प्रत्येक वेळी ओठ ओढला की आत बसू बघणारा तुकडा सुतभर हलतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत तो हलला की त्याला मिळू लागलेलं रक्त तुटतं. सासूबाईंना दाखवायला नाही, व्हिडिओ कॉलवर बहिणीला दाखवायला तर अजिबात नाही.

- पहिले २४ तास जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. लाळ गिळा.
- बाहेरून गालावर बर्फ, दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, फक्त पहिला दिवस.
- त्या जागी ब्रश नाही, साधारण दोन आठवडे. बाकीचे दात रोजच्यासारखे घासा.
- क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सांगतील तेवढंच, पेस्टनंतर अर्ध्या तासाने. दातांवर तपकिरी डाग येतात आणि चव बिघडते, चव नंतर परत येते आणि डाग क्लिनिकमधल्या सफाईने निघतात.
- खाणं कोमट किंवा गार: दहीभात, मुगाची पातळ खिचडी, पेज, ताक, शिरा. चिवडा, शेंगदाणे, भाकरीचे कडक पापुद्रे, तिळाची चटणी बंद. गरम चहाही पहिले दोन दिवस नको, हे सगळ्यात जड जातं याची कल्पना आहे.

ग्राफ्टवर पांढरट साय आल्यासारखी दिसते, तो पू नसतो, पुसायला जाऊ नका. टाळूतून रक्त आलं तर ओली गॉज बोटाने दाबून वीस मिनिटं धरा, मधे मधे उचलून बघू नका.

फोन कधी करायचा: दाबूनही रक्त थांबत नाही, तीन-चार दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, तुकडा जिभेला हलताना जाणवतोय, टाका सुटून लोंबतोय. लोंबणारा टाका स्वतः कापू नका.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्यानंतर लगेच जुना ब्रश हातात घेऊ नका, डॉक्टर सांगतील तो अति मऊ ब्रश आणि हळू.

## ९. निकाल कधी बघायचा

महिन्याभरात जागा लाल, फुगीर, वेडीवाकडी दिसते आणि लोक रडकुंडीला येतात. निकाल सहा महिन्यांनी धरा. नंतरही काहींची हिरडी वर्षभरात आणखी थोडी वर चढते, त्यामुळे राहिलेल्या अर्ध्या मिलिमीटरसाठी तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या सर्जरीचं बोलणं काढू नका. सहाव्या महिन्यात परत तेच चार्टिंग, तीच सहा ठिकाणं, तोच कोन धरून फोटो, आणि जुना कागद शेजारी. हिरडीची रुंदी वाढली, कळ थांबली, पण थोडं मूळ अजून दिसतंय, असं असेल तर बऱ्याच केसेसमधे ते पुरेसं असतं.

ज्यांनी सर्जरी न करायचं ठरवलं त्यांनीही सहा महिन्यांनी तेच चार्टिंग करा, पायरिया असलेल्यांनी दर तीन-चार महिन्यांनी सफाई. आकडा तिथेच असेल तर तारीख टाकून फाइलमधे ठेवा. एक मिमी किंवा जास्त सरकला असेल तर पाचव्या टप्प्यावर परत या, आणि जाताना सध्याचा ब्रशही डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.